काखेत कळसा, पायथॉनला वळसा

पडद्यावर दोन ओळी. वरची म्हणते, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, म्हणजे पॅकेज घरात आहे, पुन्हा आणू नका. खालची म्हणते, ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर: नो मॉड्यूल नेम्ड पांडास’, म्हणजे असलं काही घरात नाहीच. एकच मशीन, एकच मिनिट. पायथॉन शिकायला बसलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ही जोडी कधी ना कधी येते. मग सुरू होतो तो उद्योग: पॅकेज काढा, परत टाका, परत काढा, परत टाका. मी एका रात्रीत चार वेळा केलाय.

गंमत म्हणजे दोन्ही ओळी खऱ्या असतात! लॅपटॉपवर पायथॉन एकटा नांदत नाही. एक सिस्टिमबरोबर आलेला, एक आपण उतरवून घेतलेला, एक ॲनाकोंडाने सोबत आणलेला. पॅकेजेस आणून देणारा पिप एकाच्या फडताळात सामान ठेवतो आणि प्रोग्राम चालवतो दुसराच. त्यावरचा उतारा एवढासा आहे: ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता ‘पायथॉन डॅश एम पिप इन्स्टॉल’ लिहायचं. ज्याला सामान हवंय त्याच्याच हातून ते ठेवलं जातं.

तेव्हापासून मी ‘आहे का?’ हा प्रश्न सोडून दिला आणि ‘शोधलंस कुठे?’ हा विचारायला लागलो. तोच प्रश्न मग बाकीच्या भाषांनाही विचारत सुटलो, आणि काय काय सापडलं म्हणून सांगू!

घरच्याच रँडमने घात केला

पायथॉनकडे शोधायच्या जागांची एक साधी यादी असते, ‘सिस डॉट पाथ’. टर्मिनलमध्ये ‘पायथॉन डॅश एम साइट’ लिहिलं की ती समोर येते. सगळ्यात वर, तुम्ही चालवत असलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर. मग ‘पायथॉनपाथ’ या सेटिंगमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेल्या जागा. मग पायथॉनचं स्वतःचं भांडार. आणि शेवटी ‘साइट-पॅकेजेस’, जिथे पिपने आणलेलं सगळं राहतं. वरून खाली शोध सुरू होतो आणि पहिल्या सापडलेल्या नावाशी थांबतो. खाली त्याच नावाचं कितीही चांगलं काही असो, तिथवर कुणी जातच नाही.

आमच्या शेजारची नववीतली मुलगी सापशिडीचा खेळ लिहीत होती. फासा टाकायला तिला ‘रँडम’ मॉड्यूल हवं होतं. तिने फाइलचं नावही ठेवलं रँडम डॉट पीवाय. “काका, पायथॉनचं रँडमच बिघडलंय,” म्हणत लॅपटॉप घेऊन आली. एरर सांगत होती की ‘रँडम’मध्ये ‘रँडइंट’ नावाचं काही नाही. कुठून असणार! यादीत पहिलं फोल्डर तिचंच, त्यात पहिली फाइल तिचीच. तिचा प्रोग्राम स्वतःलाच आयात करत होता. तिने तीन संध्याकाळी यात घालवल्या होत्या, आणि पायथॉन नव्याने टाकूनही झाला होता. फाइलचं नाव बदललं, फासा पडला. सहा आले.

ही ठेच इतक्या जणांना लागली आहे की ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ पासून एररच सुचवते: तुमच्या फाइलचं नाव मूळ मॉड्यूलसारखंच आहे, बदलून बघा. त्याआधी ३.११ मध्ये ‘डॅश पी’ हा पर्याय आला होता. तो दिला की आपलं फोल्डर यादीच्या डोक्यावर बसवलंच जात नाही.

आणि हेच तिने फाइलला ‘टाइम डॉट पीवाय’ म्हटलं असतं तर? खऱ्या ‘टाइम’ला धक्का लागला नसता. ‘टाइम’ मॉड्यूल पायथॉनच्या पोटातच असतं, म्हणून त्याच्यासाठी यादी उघडलीच जात नाही.

यादीत एक पत्ता, पण घरच नाही

ती यादी नीट वाचा. ‘पायथॉन ३१२ डॉट झिप’ अशा नावाची एक फाइल दिसेल. आता ती मशीनवर शोधा. बहुतेक लॅपटॉपांवर ती नसतेच! २००३ च्या पायथॉन २.३ पासून मॉड्यूल थेट झिप फाइलीतून वाचता येतात, आणि कुणी अख्खं भांडार झिपमध्ये बांधून ठेवलंच तर, म्हणून तिच्यासाठी पाट मांडून ठेवलेला असतो. विंडोजसाठी पायथॉनची एक आटोपशीर आवृत्ती मिळते, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवायला. तिच्यात मात्र हा पाहुणा खरोखर पाटावर बसलेला सापडतो.

मारुतीच्या देवळापासून डावीकडे

यादी बनवायच्याही आधी पायथॉनला ठरवावं लागतं की आपण स्वतः राहतो कुठे. त्याची रीत मला फार आवडते. तो आपल्या प्रोग्राम फाइलपासून निघतो, एकेक फोल्डर वर चढतो आणि दर ठिकाणी बघतो: इथल्या ‘लिब’मध्ये ओएस डॉट पीवाय आहे का? दिसली, की घर आलं. पायथॉनच्या मूळ कोडमध्ये या फाइलला चक्क ‘लँडमार्क’ म्हटलंय. आपण पत्ता सांगतो तस्साच: मारुतीच्या देवळापाशी या, तिथून डावीकडे पिठाची गिरणी, गिरणीच्या वर आम्ही.

गिरणीच हलली तर काय, तेही ठरलेलं आहे. ‘कुड नॉट फाइंड प्लॅटफॉर्म इंडिपेंडंट लायब्ररीज’ अशी धडकी भरवणारी ओळ येते. ती दिसली तर आधी ‘पायथॉनहोम’ हे सेटिंग तपासा. ‘पायथॉनपाथ’ आणि ‘पायथॉनहोम’ ही नावं जुळ्यांसारखी, कामं मात्र वेगळी. पहिलं म्हणतं, या जागाही बघ. दुसरं म्हणतं, तुझं घर इथे आहे. दुसऱ्यात चुकीचा पत्ता गेला की पायथॉनला स्वतःचं भांडारही सापडत नाही, मग तुमचं पॅकेज तर लांबच राहिलं.

ॲक्टिव्हेट करतं तरी काय?

दर प्रकल्पाला वेगळी खोली द्यायची सोय म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये ‘व्हर्च्युअलएन्व्ह’ आणलं, आणि २०१२ च्या पायथॉन ३.३ मध्ये ‘व्हीएन्व्ह’ घरचंच झालं. ‘ॲक्टिव्हेट’ची कमांड दिली की टर्मिनलमध्ये कंसात नाव येतं आणि वाटतं, काहीतरी मोठं चालू झालं. प्रत्यक्षात ती कमांड मुख्यतः एकच काम करते: टर्मिनल ज्या फोल्डरांत कमांडी शोधतं, त्या रांगेत तुमच्या खोलीचं फोल्डर सगळ्यात पुढे आणून बसवते. बस्स. ॲक्टिव्हेट न करता त्या खोलीतल्या पायथॉनला पूर्ण पत्त्याने हाक मारा, तो तितकंच चोख काम करतो.

खरी करामत ‘पायव्हीएन्व्ह डॉट सीएफजी’ नावाच्या चार-पाच ओळींच्या फाइलीची. पायथॉन सुरू होताना आपल्या शेजारी किंवा एक पायरी वर ही फाइल आहे का बघतो. असली तर त्याला कळतं: मी पाहुण्याच्या खोलीत आहे, भांडार ‘होम’च्या ओळीत दिलेल्या घरी आहे, पण पॅकेजेस याच खोलीतली वापरायची. ही खोली उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. आतल्या कमांडींच्या पहिल्याच ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो. कोऱ्या जागी नवी खोली बांधायला मिनिटही लागत नाही.

नावातच इशारा

डेबियन १२ आणि त्या सुमाराच्या उबुंटूवर सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने काही टाकायला गेलात, की तो दारातच अडवतो: हे घर बाहेरच्या व्यवस्थेकडे आहे. लिनक्सची कितीतरी स्वतःची कामं त्याच पायथॉनवर चालतात. तुम्ही एक पॅकेज बदलायचं आणि सिस्टिमचं एखादं अवजार मोडायचं, असं व्हायचं. तरी हट्ट असेलच तर एक पर्याय ठेवलाय. त्याचं नाव ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’. सिस्टिमची पॅकेजेस मोडा! एवढं रोखठोक नाव मी दुसऱ्या कुठल्या कमांडीत पाहिलेलं नाही. लोक मात्र ते कुठून तरी उचलून न वाचता चिकटवतात, आणि ते बघून जीव तुटतो.

डेबियनने फडताळाचं नावही वेगळं ठेवलंय बरं का. तिथे सिस्टिमची पॅकेजेस ‘साइट-पॅकेजेस’मध्ये नसून ‘डिस्ट-पॅकेजेस’मध्ये असतात.

पणजोबांपर्यंत चढणारा नोड

जावास्क्रिप्टच्या नोडची तऱ्हा निराळी. पॅकेज मागितलं की मागणारी फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथल्या ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये तो बघतो. नाही मिळालं तर वरच्या फोल्डरच्या ‘नोड मॉड्यूल्स’मध्ये. तिथेही नाही तर त्याच्याही वर. असं थेट मुळापर्यंत, बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या घरी. ही चढण समजावताना नोडच्या अधिकृत माहितीत उदाहरणाचा पत्ता ‘होम’, मग ‘आरवाय’, मग ‘प्रोजेक्ट्स’ असा दिलाय. हा ‘आरवाय’ म्हणजे नोडचा जनक रायन डाल. ते त्याचं टोपणनाव.

सुरुवातीला नोडची पॅकेजेस आणणारा एनपीएम दर पॅकेजच्या पोटात त्याचं स्वतःचं ‘नोड मॉड्यूल्स’ ठेवायचा, त्याच्या पोटात आणखी एक, त्याच्या पोटात आणखी. पत्ता लांबत लांबत विंडोजची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडायचा, आणि मग ते फोल्डर पुसताही यायचं नाही! २०१५ मध्ये एनपीएम ३ ने उतरंड मोडून बहुतेक मडकी जमिनीवर ओळीने मांडली. त्यातून नवीच भानगड निघाली. तुम्ही कधी न मागितलेली, दुसऱ्याच्या गरजेपोटी आलेली पॅकेजेसही तुमच्या हाताशी येऊन बसली. ती चुकून वापरली जातात, आणि ज्याच्यामुळे ती आली ते पॅकेज गेलं की प्रोग्राम कोसळतो.

२०१८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत रायन डालने नोडबद्दल पश्चात्ताप होणाऱ्या गोष्टींची यादीच वाचून दाखवली. त्यात हे ‘नोड मॉड्यूल्स’ होतंच. त्याच भाषणात त्याने नवं अवजार दाखवलं, डेनो. ‘नोड’चीच इंग्रजी अक्षरं उलटसुलट केलेली. त्यात पॅकेज थेट इंटरनेटच्या पत्त्यावरून घ्यायचं, फोल्डरचा संबंधच नको. पुढे डेनोलाही ‘नोड मॉड्यूल्स’ चालवून घ्यावं लागलं. एवढी वस्ती एकदा वसली की उठवता येत नाही.

एका टिंबाची हकालपट्टी

एकटं टिंब म्हणजे ‘आत्ता मी जिथे उभा आहे ते फोल्डर’. पर्ल आणि रूबी या भाषांच्या यादीत वर्षानुवर्षं हे टिंब शेवटी असायचं. सोयीचं, पण धोक्याचं: तुम्ही डाउनलोड्समध्ये उभे राहून कमांड चालवली, हवं ते यादीत वर कुठेच नसलं, आणि तिथे कुणी त्याच नावाची भलती फाइल टाकून ठेवली असली, तर तीच चालणार. रूबीने २०१० मध्ये १.९.२ या आवृत्तीत टिंब काढलं. पर्लने २०१७ मध्ये ५.२६ मध्ये. ज्यांना जुनीच सवय हवी त्यांच्यासाठी पर्लने एक सेटिंग ठेवलं, आणि त्याच्या नावातच ‘अनसेफ’ घातलं.

हरवलं तर कुठे कुठे पाहिलं, ते सांगणारी भाषा

ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही छोटीशी भाषा. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. तिच्या यादीतल्या पत्त्यांमध्ये चक्क प्रश्नचिन्ह असतं, आणि पॅकेजचं नाव त्या जागी बसतं. गाळलेल्या जागा भरा, अगदी तसं. पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त भावते. पॅकेज सापडलं नाही, तर ती एररमध्ये एकेका ओळीवर लिहून देते: इथे ही फाइल नव्हती, तिथे ती नव्हती, तिकडेही नव्हती. पर्लही आपली अख्खी यादी एररमध्येच वाचून दाखवते. पायथॉन नुसतं ‘नाही’ म्हणून थांबतो. त्याने हे शिकावं असं मला मनापासून वाटतं. नवख्यांच्या किती संध्याकाळी वाचतील!

गोचं उद्गारचिन्ह

गो भाषेत आधी सगळा कोड ‘गोपाथ’ नावाच्या एकाच वाड्यात राहायला हवा, असा दंडक होता. २०१८ च्या १.११ मध्ये मॉड्यूल्स आली, २०२१ च्या १.१६ पासून तीच नेहमीची रीत झाली, आणि वाड्याबाहेर घरं बांधायला मोकळीक मिळाली. उतरवलेली पॅकेजेस जिथे साठतात ते फोल्डर उघडून बघा: काही नावांत मधेच उद्गारचिन्ह! ‘अझूर’च्या आधी उद्गारचिन्ह आणि मग लहान लिपीतलं ए. कारण विंडोज आणि मॅक सहसा इंग्रजीतल्या मोठ्या-लहान अक्षरांत भेद करत नाहीत, लिनक्स करतो. दोन वेगळी पॅकेजेस एकमेकांवर बसू नयेत म्हणून मोठं अक्षर आलं की उद्गारचिन्ह टाकून ते लहान करतात. शिवाय या फाइली नुसत्या वाचायच्या असतात. सहज पुसायला गेलात तर नकार मिळतो. ‘गो क्लीन डॅश मॉडकॅश’ अशी रीतसर विनंती करावी लागते.

आर म्हणते, लायब्ररी म्हणजे कपाट

संख्याशास्त्रवाल्यांची आर भाषा न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची, रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांची. तिथे ‘पॅकेज’ म्हणजे पुस्तक आणि ‘लायब्ररी’ म्हणजे पुस्तकं ठेवायची जागा. एखाद्या पॅकेजला लायब्ररी म्हटलं की जुनी आरवाली मंडळी लगेच टोकतात. पण पॅकेज उघडायची कमांड कोणती? ‘लायब्ररी’! कपाटं कुठे आहेत ते ‘डॉट लिब पाथ्स’ ही कमांड सांगते. आर ४.२ वरून ४.३ वर गेलात की सगळी पॅकेजेस गायब झाल्यासारखी वाटतात. घाबरू नका. तुमच्या कपाटाच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा असतो. नव्या आरने नवं रिकामं कपाट उघडलंय, जुनं भरलेलं तिथेच उभं आहे.

नाव घरचं, माल बाहेरचा

शोधायची जागा चुकली की किती महागात पडतं, ते फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिरसन या संशोधकाने दाखवलं. मोठ्या कंपन्यांची काही पॅकेजेस फक्त आतल्या वापराची असतात. त्याने त्याच नावांची पॅकेजेस जाहीर बाजारात ठेवली, आवृत्तीचा आकडा मुद्दाम मोठा लावून. पिपला आतली आणि बाहेरची अशा दोन्ही जागा दाखवलेल्या असल्या, तर तो मोठा आकडा उचलतो. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपालसह पस्तीसहून अधिक कंपन्यांच्या आत त्याचा कोड जाऊन चालला. त्याने कसलंही नुकसान केलं नाही, कंपन्यांना कळवलं आणि रीतसर बक्षिसं घेतली. तुमच्या ऑफिसात पिपला ‘एक्स्ट्रा इंडेक्स’ नावाचा पर्याय लावलेला असेल, तर हा परिच्छेद तिथल्या माणसाला आजच दाखवा.

आणखी एक जागा डोळ्यांत तेल घालून बघा: साइट-पॅकेजेसमधल्या ‘पीटीएच’ फाइली. यादीत जादा पत्ते घालण्यासाठी त्या असतात. पण त्यातली ओळ ‘इम्पोर्ट’ने सुरू झाली, तर ती चालवली जाते, आणि तीही दर वेळी पायथॉन सुरू होताना. तुम्ही ते पॅकेज वापरा, न वापरा.

पायऱ्या सापडेनात

सापशिडी पुढे सरकली तसं त्या मुलीने विचारलं, “काका, फाइलींना मराठीत नावं दिली तर चालतील?” चालतात की! पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, मॉड्यूललासुद्धा. तिने शिडीचा हिशेब ठेवणाऱ्या फाइलला नाव दिलं ‘पायऱ्या’. आणि परत तीच ओळ: मॉड्यूल सापडलं नाही.

यादी बघितली, फोल्डर बरोबर. नाव बघितलं, हुबेहूब तेच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उजेड पडला. आपला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: एक अख्खं अक्षर म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पायथॉन कोडमधली नावं वाचताना हे तुकडे जोडून एक अक्षर करतो. फाइलच्या नावाला मात्र तो हात लावत नाही, आणि तिचा लिनक्सही लावत नाही. तिच्या कीबोर्डने नावात दोन तुकडे टाकले होते. पायथॉन एका अक्षराच्या ‘ऱ’ची फाइल शोधत होता, फोल्डरमध्ये होती दोन तुकड्यांच्या ‘ऱ’ची. काही कीबोर्ड तर ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. ते नावात आलं तर पायथॉन सरळ सांगतो, हे अक्षर इथे चालणार नाही.

मी हे सगळं रंगात येऊन तिला समजावत होतो. तिने ऐकून घेतलं, फाइलवर उजवं क्लिक केलं, नाव बदलून ‘शिडी’ केलं आणि प्रोग्राम चालवला. सोंगटी सत्तावीसवरून थेट छप्पनवर चढली. मग तिने दुसरी फाइल उघडली आणि तिचं नाव ठेवलं ‘साप’.